टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग: कलर कुठला घ्यायचा आणि कसा कालवायचा

नवीन मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात की कलर कुठला चांगला, तर बाबांनो आधी कपडा हातात घ्या. कॉटन आहे, पॉलिस्टर आहे का मिक्स, पांढरा आहे का काळा, हे कळल्याशिवाय कलर ठरत नाही. शंका असेल तर शिवणीच्या आतल्या बाजूने कपड्याचाच एक धागा काढून जाळा, शिलाईचा दोरा नको, कॉटन कागदासारखं जळून त्याची राख होते आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

पांढऱ्या नाहीतर फिक्या कॉटनवर डोळे मिटून पाण्याचा पिगमेंट कलर वापरा. क्लिअर पेस्टमध्ये, म्हणजे सुकल्यावर पारदर्शक होणाऱ्या पेस्टमध्ये कालवला की तो धाग्यात मुरतो, हाताला प्रिंट लागत पण नाही, आणि आपल्याकडच्या उकाड्यात घालणाऱ्याला हेच बरं वाटतं. काळ्या कपड्यावर मात्र हा कलर दिसतच नाही, तिथं व्हाइट पेस्टचा एक थर द्यायचा, तो सुकवायचा आणि मग वर कलर मारायचा. प्लास्टिसोल, म्हणजे पाण्याऐवजी प्लास्टिकवर बनलेला कलर, काळ्यावर झकास उठतो, स्क्रीनच्या जाळीत सुकत नाही, पण साधारण १६० डिग्री उष्णता आतपर्यंत पोचल्याशिवाय तो पक्का होत नाही, म्हणून हीट प्रेस किंवा क्युरिंग मशीन नसेल तर त्याच्या नादी लागू नका. पॉलिस्टर जर्सीचं वेगळंच दुखणं, गरम झाल्यावर कपड्याचाच रंग वर चढतो आणि लाल जर्सीवरचा पांढरा नंबर गुलाबी होतो, कधीकधी तर दुसऱ्या दिवशी, म्हणून तिथं लो-ब्लीड व्हाइटच घ्या, म्हणजे कपड्याचा रंग वर चढू न देणारा पांढरा.

आता कालवणं. काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एका मंडळाच्या दीडशे टी-शर्टचं काम होतं, भगवा नजरेनं कालवला, शंभर झाल्यावर संपला आणि दुसरा डबा काही केल्या तसा जमेना, शेजारी उभं राहिल्यावर पोरांचे दोन वेगळे भगवे दिसत होते आणि मला ते बघवत नव्हतं. तेव्हापासून सगळं वहीत असतं. उदाहरणार्थ १ किलो क्लिअर पेस्टला २५ ग्रॅम ऑरेंज, १५ ग्रॅम यलो, आणि लाल अगदी टोचण्याएवढा, तोही शेवटी. कायम फिक्या कलरमध्ये गडद टाकायचा, उलटं केलं तर डबे भरत जातात आणि शेड काही येत नाही. पिगमेंट हातात आहे म्हणून ओतत बसू नका, पेस्टमधल्या बाइंडरला, म्हणजे कलर कपड्याला धरून ठेवणाऱ्या चिकटीला, पेलेल त्यापेक्षा जास्त झालं की धुताना कलर सुटतो.

डब्यातला ओला कलर बघून शेड ठरवू नका, पेस्ट दुधाळ असते त्यामुळे ओला फिका दिसतो आणि सुकल्यावर गडद होतो. त्याच कपड्याच्या तुकड्यावर बोटाने लावा, इस्त्रीने सुकवा, मग उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

फिक्सर, म्हणजे कलर धुण्यात टिकावा म्हणून घालायचं औषध, १ ते २ टक्के, आणि तो फक्त आज लागणाऱ्या कलरमध्येच टाकायचा, कारण एकदा टाकला की तो डबा उद्यावर ठेवता येत नाही. काम चालू असताना कलर जाळीत सुकायला लागला तर थोडं पाणी फवारा, आणि चहाला जाताना स्क्रीनवर कलर ओढून ठेवा म्हणजे जाळी बंद होत नाही.

ऑर्डर द्यायच्या आधी एक पीस पक्का करून एक दिवस ठेवा, मग साबणाच्या पाण्यात चोळून धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पण घासून बघा. फडक्याला कलर लागला तर बाकीचे पीस अजून एकदा हीट प्रेस किंवा क्युरिंग मशीनखालून काढा.