मूट आणि वादविवाद : बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यांनी सराव कसा करावा

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅरिस्टर होण्यासाठी कायद्याचे शिक्षण, त्यानंतरचा व्यावसायिक बार अभ्यासक्रम आणि शेवटी प्युपिलेज, म्हणजे साधारण वर्षभराची उमेदवारी, असे तीन टप्पे पार करावे लागतात. व्यावसायिक अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल किंवा ग्रेज इन यांपैकी एका इनचे, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेचे, सदस्यत्व घ्यावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे, तर नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि 1923 मध्ये बॅरिस्टर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी लिंकन्स इनच्या. फार पूर्वी या इनच्या सभागृहांत ज्येष्ठांसमोर काल्पनिक खटले लढवूनच विद्यार्थी वकिली शिकत असत. सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर ती प्रथा मोडली आणि पुढे दीर्घकाळ ठरावीक भोजनांना हजर राहणे एवढेच बंधन उरले. आता सनद मिळण्यापूर्वी दहा पात्रता सत्रे पूर्ण करावी लागतात आणि त्यांत व्याख्याने व भोजनांबरोबर युक्तिवादाचे प्रशिक्षणही असते. परंतु एवढ्या सत्रांवर कोणी तयार होत नाही. मूट (काल्पनिक खटल्यातील कायद्याचा युक्तिवाद), वादविवाद आणि नमुना खटले (साक्षीदारांसह लढवलेले काल्पनिक खटले) यांचा सराव स्वतःहून आणि पदवीच्या काळापासूनच करावा लागतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे बहुधा वक्तृत्व स्पर्धांचा अनुभव असतो. सभाधीटपणा आणि स्पष्ट उच्चार हे त्या अनुभवाचे देणे मोलाचे आहे. मात्र पाठ केलेले भाषण, चढत जाणारा आवाज आणि टाळ्यांसाठी राखून ठेवलेले वाक्य यांना न्यायालयात स्थान नाही. तेथे न्यायाधीश दुसऱ्याच मिनिटाला थांबवतात आणि प्रश्न विचारतात. बॅरिस्टरचे कौशल्य त्या प्रश्नाच्या उत्तरात दिसते, म्हणून सरावाचा मोठा भाग बोलण्यापेक्षा उत्तरे देण्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

मूट म्हणजे बहुधा अपिलाचा काल्पनिक खटला. दोन्ही बाजूंना एक ज्येष्ठ आणि एक कनिष्ठ वकील असतो, अपिलाचे सहसा दोन मुद्दे असतात आणि प्रत्येक वक्त्याला पंधरा-वीस मिनिटे मिळतात. वस्तुस्थिती ठरलेली असते. वाद फक्त कायद्याचा. नवखे विद्यार्थी नेमके येथेच चुकतात आणि साक्षीदार खरे बोलला का, यावर वेळ घालवतात. 1932 चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा निवाडा या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावा. पेस्ली येथे 1928 मध्ये मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली, अशी श्रीमती डोनोह्यू यांची तक्रार होती. बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे कधीच सिद्ध झाले नाही. तक्रार खरी मानली तर उत्पादक जबाबदार ठरतो का, एवढ्याच प्रश्नावर हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी होकारार्थी निर्णय दिला. वस्तुस्थिती गृहीत धरून कायद्यावर वाद घालणे म्हणजे काय, हे त्यातून नेमके कळते.

तयारीला लागताना दोन्ही बाजूंचे टिपण करावे, आणि आधी विरुद्ध बाजूचे करावे. त्यासाठी भिन्नमताचे निवाडे फार उपयोगी पडतात. डोनोह्यू खटल्यात बहुमतातील न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांचे शेजारधर्माचे तत्त्व (आपल्या कृतीची झळ ज्यांना बसू शकते त्यांची वाजवी काळजी घ्यावी) सर्वांना ठाऊक असते, पण लॉर्ड बकमास्टर यांनी त्याला केलेला विरोध वाचल्याशिवाय ॲटकिन यांची बाजू मांडण्याची तयारी पूर्ण होत नाही. निवाडा सारांशावरून कधीही उद्धृत करू नये; तो मुळातून वाचावा आणि निर्णयाला आधारभूत असलेला बंधनकारक भाग कोणता व ओघात केलेली टिप्पणी कोणती, हे समासात लिहून ठेवावे. बेली या संकेतस्थळावर असंख्य निवाडे विनामूल्य मिळतात. नंतरच्या निवाड्यांनी तुमच्या आधाराचे काय केले, हेही तपासावे. काळजी घेण्याच्या कर्तव्याबाबत 1990 च्या केपारो निवाड्यातील तीन कसोट्या (हानीचा अंदाज येण्याजोगा असणे, पक्षांतील निकटता आणि कर्तव्य लादणे न्याय्य असणे) आजही घोकल्या जातात. परंतु प्रत्येक खटल्याला त्या यांत्रिकपणे लावायच्या नाहीत, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रॉबिन्सन खटल्यात स्पष्ट केले. केपारोचे नाव घेतले की जागरूक न्यायाधीशांचा पुढचा प्रश्न रॉबिन्सनबद्दलच असणार.

यानंतर युक्तिवादाचा लेखी सांगाडा तयार करावा, ज्याला तेथे स्केलेटन आर्ग्युमेंट म्हणतात. क्रमांकित परिच्छेद, प्रत्येकात एक विधान आणि त्याखाली आधार एवढेच त्यात असावे. उभे राहून बोलताना हातात पूर्ण भाषण ठेवू नये. ते असले की डोळे कागदावर खिळतात आणि मध्येच प्रश्न आला की धागा सापडत नाही.

आता मुख्य सराव. दोन मित्रांना न्यायाधीश करावे, त्यांना दोन्ही बाजूंचा सांगाडा द्यावा आणि मिनिटाला किमान एकदा थांबवण्याचे बंधन घालावे. काही प्रश्न आधाराचे असतात : हे कोणत्या परिच्छेदात म्हटले आहे? काही ताणून पाहणारे असतात : तुमचे म्हणणे मान्य केले तर उद्या अमुक प्रकारचे हजारो दावे येणार नाहीत का? आणि काही प्रश्न मदतीचे असतात, न्यायाधीश तुम्हाला वाट दाखवत असतात, पण घाबरलेला विद्यार्थी त्यांनाही विरोध करून बसतो. म्हणून प्रश्न पूर्ण ऐकावा, क्षणभर थांबावे, आधी होय किंवा नाही असे सरळ उत्तर द्यावे, मग कारण सांगावे आणि त्यानंतर सोडलेल्या मुद्द्यावर परत यावे. ‘त्याकडे मी नंतर येईन’ हे उत्तर जवळजवळ कधीच देऊ नये. कोणता मुद्दा सोडून दिला तरी खटला टिकतो आणि कोणता सोडला की संपतो, हे सहकाऱ्याबरोबर आदल्या दिवशीच ठरवावे, कारण दडपणाखाली नको ती कबुली सहज दिली जाते.

संबोधने तोंडात बसेपर्यंत घोकावीत. अपील न्यायालयात ‘माय लॉर्ड’ किंवा ‘माय लेडी’, प्रतिपक्षाच्या वकिलासाठी ‘माय लर्नेड फ्रेंड’, आणि ‘मला वाटते’ याऐवजी ‘माझे निवेदन आहे’ या अर्थाचे ‘आय सबमिट’. दिवाणी खटल्याचे नाव उच्चारताना ‘व्हर्सस’ म्हणत नाहीत, ‘डोनोह्यू अँड स्टीव्हन्सन’ म्हणतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावण्यांची चित्रणे त्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यातला एक तास पाहिला तरी खरे बॅरिस्टर किती संथ आणि किती साधे बोलतात, हे ध्यानात येते.

सरावानंतरच्या अभिप्रायासाठी ऑस्ट्रेलियन न्यायाधीश जॉर्ज हॅम्पल यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरावी, जी इनच्या प्रशिक्षणातही वापरली जाते. प्रशिक्षक एकच दोष निवडून त्याचे नाव घेतो, विद्यार्थ्याचेच शब्द त्याला परत ऐकवतो, ते का खटकले हे सांगतो, उपाय सुचवतो, स्वतः करून दाखवतो आणि विद्यार्थ्याकडून तोच भाग पुन्हा करवून घेतो. अभिप्राय देणाऱ्या मित्रांनी ‘छान बोललास’ म्हणण्यापेक्षा बोललेले शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत. पुन्हा करणे तर कधीच वगळू नये.

वादविवादासाठी ब्रिटिश संसदीय प्रकार निवडावा. त्यात दोघांचे चार संघ असतात, विषय मिळाल्यावर सहसा पंधराच मिनिटे तयारीला मिळतात आणि सात मिनिटांच्या भाषणाचे पहिले व शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्ष उभा राहून हरकत घेऊ शकतो. स्वतःला न पटणारी बाजू लढवण्याची सवय येथे लागते. मात्र येथला वेग आणि आवेश मूटमध्ये नेऊ नये.

नमुना खटल्यात साक्षीदार हाताळावे लागतात. आपल्या साक्षीदाराची सरतपासणी करताना उत्तर सुचवणारे प्रश्न चालत नाहीत. कोण, काय, कुठे, केव्हा असे खुले प्रश्न विचारावेत. उलटतपासणीत याच्या अगदी उलट, प्रत्येक प्रश्नात एकच वस्तुस्थिती आणि तीही होकार किंवा नकार एवढेच उत्तर येईल अशी मांडावी. साक्षीदार खोटे बोलतो असे तुमचे म्हणणे असेल, तर ते त्याच्या तोंडावर मांडून त्याला उत्तराची संधी द्यावीच लागते. ते न करता शेवटच्या भाषणात आरोप करणे इंग्लिश न्यायालयात अनुचित मानले जाते.