दोन जनगणनांच्या मधली मुलं

इंग्लंडच्या खेड्यातल्या शेतमजुराचं घराणं शोधताना आडनावापेक्षा गाव घट्ट धरा. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच पिढीत तीन विल्यम सापडतात, आणि तिघेही चुलतभाऊ असतात. ठाऊक असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जा.

1931 ची जनगणना आगीत गेली, 1941 ची झालीच नाही. म्हणून 1939 च्या रजिस्टरवरून, म्हणजे युद्ध सुरू होताना केलेल्या लोकनोंदीवरून, 1921 आणि 1911 वर या. मागे जाताना 1851 पर्यंत जन्माचं पॅरिश मिळतं. 1841 मध्ये ते नसतं, आणि पंधरापुढची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात. 27 वर्षांचा माणूस 25 चा दिसला तर दचकू नका.

जनगणना दहा वर्षांनी होते. मधल्या काळात जन्मून वारलेलं मूल तिच्यात दिसतच नाही, आणि बहुतेक वंशावळींतून नेमकी हीच मुलं गळतात. त्यांच्यासाठी 1911 चा तक्ता नीट वाचा. त्यात विवाहितेला या लग्नाची किती वर्षं, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती वारली हे विचारलं होतं. विधवांनी हे रकाने चुकून भरले, तर ते पुढे खोडले गेले. पण खोडलेले आकडेही बरेचदा वाचता येतात.

समजा नऊ जन्मली, सहा हयात. मग जनरल रजिस्टर ऑफिस या जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कचेरीच्या ऑनलाइन सूचीत वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि नोंदणी जिल्हा घालून लग्नापासून पुढची वर्षं चाळा. सूचीतली तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. डिसेंबरचं बाळ जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत सापडू शकतं. नऊ नावं जुळली की मृत्यूच्या सूचीत त्याच जिल्ह्यात शोधा. इथे एक खोच आहे: काही तान्ह्या बाळांचे महिने वर्षं म्हणून उतरवले गेलेत, त्यामुळे 11 महिन्यांचं बाळ 11 वर्षांचं दिसतं. एकच नाव दोनदा आलं, तर बहुधा पहिलं मूल गेल्यावर तेच नाव पुढच्याला ठेवलेलं असतं. पहिल्याची मृत्युनोंद पाहिल्याशिवाय दोघांना एक करू नका. नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, पण 1875 पर्यंत बरेच जन्म नोंदवलेच गेले नाहीत. तिथे बाप्तिस्म्याची वही पाहा. मृत जन्मलेल्या बाळांची नोंदणी 1927 पासूनची.

प्रत्येकाचा दाखला विकत घ्यायची गरज नाही. 1813 पासून पॅरिशच्या दफनवहीत नाव, राहतं ठिकाण, तारीख आणि वय छापील रकान्यांत मिळतं. या वह्या बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात असतात. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ तिथे कदाचित नसेल. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचं, म्हणजे मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट कुटुंब तिथे नसेल, तर त्यांच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, वह्या पाहा. फौजेत गेलेला मुलगा गावच्या नोंदींतून एकदम नाहीसा झाला, तर ब्रिटिश लायब्ररीतली एन/3 मालिकाही तपासा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिच्यात आहेत.

चर्चच्या आवारात मजुरांच्या कबरींवर सहसा दगड नसतो. असलाच, तर शेवाळ किंवा दगडफूल खरवडू नका. तारेचा ब्रश, खडू, दाढीचा फेस यांनी अक्षरं कायमची झिजतात. आरशाने ऊन बाजूने तिरपं पाडा आणि फोटो घ्या. दगड नसलेल्या मुलांची नावं, दफनाची तारीख आणि वहीतला क्रमांक वंशावळीत भावंडांच्याच ओळीत, जन्माच्या क्रमाने लिहा.