जुन्या गाडीची ऑइल गळती : थेंब खाली, कारण वर

रात्री गाडी उभी असते तिथं सकाळी फरशीवर काळा डाग दिसला की माणूस वाकून चेंबरकडे बघतो. चेंबर ओलं असतं, म्हणून मिस्त्रीला सांगतो, "चेंबरचं पॅकिंग बदला." पॅकिंग बदलून होतं, पैसे जातात आणि आठवड्याभरात डाग परत हजर. चेंबर हा इंजिनाचा सगळ्यात खालचा, ऑइल साठायचा भाग. वर कुठंही गळालं तरी ऑइल ओघळत तिथंच येतं, आणि गाडी पळताना वारा ते मागं ढकलतो. त्यामुळं सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा सापडेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

आधी गळतंय काय ते ओळखा

गाडीखाली रात्रभर मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढची चाकं कुठं होती त्याची खूण त्यावर करा. सकाळी डाग इंजिनाखाली आहे की गिअरबॉक्सखाली, ते कळतं. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हिरवं किंवा लाल पाणी म्हणजे कूलंट. स्वच्छ पाणी एसीचं, ते सोडून द्या.

मग इंजिन धुवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे. आपल्या बेळगावकडे तर जास्तच गरज. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती असो की बैलहोंगलकडची काळी, ऑइलवर बसून तिची जाड पोपडी होते आणि गळती त्याखाली लपते. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकनं बांधा. डीग्रीझर किंवा थोडं डिझेल लावून ब्रशनं घासा आणि पुसून घ्या. सर्व्हिसिंगवाल्याचा जोरदार फवारा वायरिंगवर नको. डिझेल लावलं असेल तर ते पूर्ण पुसून वाळल्याशिवाय चावी फिरवू नका.

इंजिन कोरडं झालं की प्लास्टिक काढा, बॅटरीची वायर परत जोडा आणि संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. नाही दिसलं तर बेळगाव-खानापूर अशी एक फेरी मारून पुन्हा बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळी रेघ उमटते. ती वर कुठून सुरू होते, तिथं गळती. हे काम पावसाळ्याआधीच उरकावं. जूनपासून त्या बाजूला रस्त्याचं पाणी खालून असं उडतं की पावडर टिकत नाही.

सील बदलण्याआधी ब्रीदर

जुन्या इंजिनात पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह. ती वाट काजळीनं बुजली की आत दाब साठतो आणि शाफ्टभोवतीचं चांगलं रबरी सीलसुद्धा ऑइल सोडायला लागतं. नवं सील बसवूनही महिन्यात गळायला लागलेल्या गाडीत पहिला संशय याच्यावर घ्यावा. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आत खडखड वाजली पाहिजे. पाइप धुऊन फुंकून बघा. सगळं मोकळं असूनही इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणातून धुराचा जोरदार झोत येत असेल, तर दुखणं रिंगा-बोअरचं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजल्याचं आहे. तिथं पॅकिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

वरून खाली, स्वस्ताकडून महागाकडे

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं पॅकिंग हा पहिला गुन्हेगार. रबर उष्णतेनं कडक होतं आणि कडेनं पाझरतं. हे घरी करता येतं. प्लगच्या वायरींना नंबर घालून त्या बाजूला घ्या, बोल्ट काढा, कव्हर सरळ वर उचला. जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. त्याआधी आतल्या भागावर स्वच्छ फडकं टाका, म्हणजे कपचे आत पडणार नाहीत. कव्हर पत्र्याचं असेल तर त्याची कड सपाट काचेवर ठेवून बघा. आधीच्या कोणीतरी बोल्ट आवळून आवळून भोकांजवळचा पत्रा आत दाबलेला असतो, आणि तो ठोकून सरळ केल्याशिवाय नवं पॅकिंगही गळणारच. बोल्ट मधून सुरू करून समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. मनगटाचा जोर पुरे. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) आणि गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर उत्तमच.

सिलिकॉन पेस्टचा मोह आवरा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर बारीक थेंब, बास. भरमसाट लावली की जास्तीची आत दाबली जाते, तुटून चेंबरमध्ये पडते आणि पंपाची जाळी बुजवते.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटर. काही जुन्या पेट्रोल गाड्यांत तो हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. त्याची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) गेली की ऑइल हेडवरून ओघळून बरोबर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर येतं. खालून बघणारा म्हणतो, मागचं क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा! रिंग मिळते किरकोळ पैशात. डिस्ट्रिब्युटर काढताना बॉडीवर आणि रोटरच्या दिशेवर खूण करा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग चुकेल.

ऑइल प्रेशर स्विचची वायर उपसून बघा. आत ऑइल दिसलं तर स्विच बदलायचा. फिल्टर गळत असेल तर जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का, ते पाहा. ड्रेन प्लगचा वायसर दर ऑइल बदलीला नवा घाला. चेंबरचे आटे गेले असतील तर प्लग अजून आवळू नका. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आटे दुरुस्त करून मिळतात.

खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून शिरू नका. स्टँड लावा आणि चाकांना अडण घाला.

मिस्त्रीकडे द्यायची कामं

टायमिंग बेल्टच्या गाडीत पुढचं क्रँक सील आणि कॅम सील (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टच्या टोकांची) त्या बेल्टच्या मागं असतात. बेल्ट उतरला की दोन्ही सील बदलूनच घ्या, आणि ऑइलमध्ये भिजलेला बेल्ट परत चढवू देऊ नका. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी तिथंच जाते. त्याच वेळी क्लचप्लेट तपासून घ्या. नवं सील बसवताना मिस्त्री त्याच्या ओठाला ऑइल लावतो का आणि सील सारख्या दाबानं सरळ आत घालतो का, हे उभं राहून बघा. शाफ्टवर जुन्या सीलनं खाच पाडली असेल तर नवं सील थोडं पुढं-मागं बसवता येतं का, ते त्याला विचारा. खाचेवरच बसवलं तर ते टिकत नाही.

मागच्या सीलचा थेंब दिवसाकाठी एखादाच असेल आणि क्लच घसरत नसेल, तर माझ्या मते घाई नको. दर आठवड्याला डिपस्टिक बघा आणि क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा सील करा. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या रबर फुगवतात, त्यामुळं थोडे दिवस निघतात एवढंच.

घाई नको म्हटलं, त्याला अपवाद दोन. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल तर आग लागू शकते, तेव्हा गाडी आजच दाखवा. आणि कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला उतरणार असाल तर निघण्यापूर्वी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, डिकीत एक लिटर ठेवा. पातळी कमी असताना वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तरी गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा.