इलेक्ट्रिक आरसी विमान: जोडणी, तोल आणि मुंबईच्या हवेतली निगा

पहिलं आरसी (रेडिओ कंट्रोलवर उडणारं) विमान घेताना लढाऊ विमानाच्या रूपाला भुलू नका. पंख धडाच्या वर असलेलं, ईपीओ नावाच्या चिवट फोमचं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं विमान) घ्या. पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत साधारण 1 मीटर आणि बॅटरीसकट वजन 800-900 ग्रॅम असावं. त्याला 2212 मापाची 1400 केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला 1400 फेरे) ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 8x4 प्रोपेलर (व्यास 8 इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यातली पुढची चाल 4 इंच), 9 ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर), 3 सेलची 2200 एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि सहा चॅनेलचा 2.4 गिगाहर्ट्झ रेडिओ पुरतो. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. याच मोटरवर 10 इंची प्रोपेलर मात्र लावू नका. करंट झेपेनासा होतो, ईएससी तापतो आणि मोटर हवेतच बंद पडते.

सुरुवात सोल्डरिंगने करा. बॅटरीच्या एक्सटी60 कनेक्टरला वायर जोडताना त्याचा जोडीदार कनेक्टर त्यात खोचून ठेवा. नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ पडून पिना तिरक्या होतात. हीट श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडा आधीच वायरीत ओवा, हे हमखास राहून जातं. मोटर-माउंट आणि पंखाचा सांधा इपॉक्सीने चिकटवा. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात बंद गाडीत सैल होतो. फेव्हिक्विक ईपीओला चालतं, पण साधं थर्माकोल त्याने विरघळतं. शेपूट चिकटवण्यापूर्वी पंखाच्या प्रत्येक टोकापासून शेपटीच्या त्याच बाजूच्या टोकापर्यंत दोरा धरा. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत.

सर्व्होचा हात (त्याच्या दांड्यावर बसणारी छोटी पट्टी) आधी बसवायचा नाही. प्रोपेलर काढलेला असू द्या. ट्रान्समीटर (हातातला रेडिओ) चालू करा, ट्रिम (स्टिकच्या मध्याची बारीक जुळणी) शून्यावर आणा, मग बॅटरी जोडा आणि सर्व्हो मध्यावर आला की हात काटकोनात बसवा. पुशरॉडची (सर्व्हो आणि हलता भाग जोडणाऱ्या तारेची) लांबी त्यानंतर ठरवा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा.

आता विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) वर आणि डावा खाली गेला पाहिजे. एलेव्हेटरची (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाची) स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर. पहिल्याच उड्डाणात विमान जमिनीत घुसतं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे उलटा एलेरॉन. शेवटी ट्रान्समीटर बंद करून बघा: मोटर थांबलीच पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर बंद करणारी सेटिंग) नीट लावल्याशिवाय प्रोपेलर चढवू नका.

तोल पाहायला घाई करू नका. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या पुढून-मागे रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा; ही रुंदी 18 सेंटिमीटर असेल तर 4.5 ते 5.4 सेंटिमीटरवर. पंखाखाली दोन्ही बाजूंना तिथे खूण करा, बॅटरी आत ठेवून दोन बोटांवर विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तरच नाकात शिसं घाला. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपूट जड असलेलं हातातून सुटताच नाक वर काढतं, वेग घालवतं आणि एका पंखावर कोसळतं.

उडवायचं कुठे? जागा ठरवण्यापूर्वी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणारा) बघा. सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूचा एरोड्रोम यांमुळे शहराचा मोठा भाग रेड झोनमध्ये येतो, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. त्यात मुंबई पोलीस ड्रोन आणि रिमोटवर चालणाऱ्या विमानांवर वेळोवेळी मनाई आदेश काढतात. म्हणजे चौपाटी किंवा सोसायटीचं मैदान मनातून काढाच. शहराबाहेरचा मोकळा माळ शोधा, जमीनमालकाला विचारा. वेळ सकाळची. दुपारी समुद्राचा वारा जोर धरतो आणि एवढं हलकं विमान मागे ढकललं जातं.

बॅटरी 1 सीने, म्हणजे तिच्या क्षमतेइतक्या करंटने, इथे 2.2 अँपिअरवर, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे चार्ज करणारी बारीक वायर) जोडून, लादीवर ठेवून आणि समोर बसून चार्ज करा. पूर्ण चार्जला प्रत्येक सेल 4.2 व्होल्ट, उड्डाणात 3.5 च्या खाली जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर सेल 3.8 वर आणून ठेवा. भरलेली बॅटरी आठवडाभर पडून राहिली की फुगू शकते. फुगलेली परत चार्ज करू नये, ती ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्याच्या डब्यात नाही.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, विमान बहुतेक घरातच असतं आणि नुकसान तेव्हाच होतं. खाऱ्या दमट हवेने मोटरचं बेअरिंग आणि कनेक्टरच्या पिना गंजतात. रेडिओ आणि बॅटऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्या. पंख भिंतीला टेकवून ठेवले तर पिळतात, सपाट ठेवा. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर प्रत्येक सर्व्होचा हात वीज बंद असताना बोटाने हळू फिरवा. मध्येच अडकला तर गिअरचा दात गेलेला आहे, सर्व्हो बदला. हलत्या भागांच्या बिजागरीची टेप सुटली असेल तर जुनी पूर्ण काढून, फोम स्पिरिटने पुसून नवी लावा.