अल्फा, बीटा की गॅमा? कागद, अ‍ॅल्युमिनियम आणि शिसं वापरून कसं ओळखायचं

शिसं लावलं की रेडिएशन थांबतं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण कुठलं रेडिएशन आहे ते कळल्याशिवाय आडोसा निवडताच येत नाही, आणि बीटाला थेट शिसं लावलं तर उलट त्रास वाढतो, तो मुद्दा खाली येतोच. हा प्रयोग लॅबमध्येच करायचा, शिक्षक हजर असताना, सीलबंद सोर्स (रेडिएशन सोडणाऱ्या पदार्थाचा छोटा नमुना) चिमट्याने धरून.

सगळ्यात आधी सोर्स बाहेर न काढता गायगर काउंटर (रेडिएशन मोजणारं यंत्र) ५ मिनिटं चालू ठेवा. तरी टिकटिक होतेच, कारण जमीन, भिंती आणि अवकाशातून येणारे किरण सगळीकडेच असतात. हा बॅकग्राउंडचा आकडा लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं मोजणं फुकट.

आता सोर्स काउंटरच्या खिडकीपासून १-२ सेमीवर आणा. खिडकी पातळ अभ्रकाची हवी, जाड धातूच्या नळीत अल्फा शिरतच नाही आणि आपण खुशाल "अल्फा नाहीये" असं लिहून मोकळे होतो. खिडकीला बोट लावू नका, लगेच फाटते.

मध्ये साधा कागद धरा. काउंट धाडकन पडला तर अल्फा. २ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉनचा हा जड कण, वर दुप्पट चार्ज, त्यामुळे वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत उडवत सगळी एनर्जी तो लगेच संपवतो, हवेतसुद्धा जेमतेम काही सेमी जातो. अमेरिशियम-२४१ चा सोर्स असेल तर कागदानंतरही थोडा काउंट उरतो, गोंधळू नका, त्यातून कमी एनर्जीचा गॅमाही निघतो. आणि कागदाने थांबतो म्हणून अल्फाला हलकं समजू नका प्लीज. बाहेरून कातडीचा मेलेला थर त्याला अडवतो, पण रेडॉनसारखा गॅस श्वासातून आत गेला की तीच सगळी एनर्जी फुप्फुसाच्या जिवंत पेशींत उतरते.

कागदाने फरक पडला नाही तर ५ मिमी अ‍ॅल्युमिनियम लावा. आता पडला तर बीटा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. लॅबमध्ये बहुतेक स्ट्रॉन्शियम-९० असतो. आता शिशाची गोष्ट: इलेक्ट्रॉन जड अणुकेंद्राजवळ करकचून ब्रेक लागल्यासारखा वळतो आणि एक्स-रे सोडतो, ते मूळ बीटापेक्षा खूप जास्त आरपार जातात. म्हणून आधी साधारण १ सेमी अ‍ॅक्रिलिक, हवं तर त्याच्या बाहेर शिसं. हा क्रम उलटा करू नका.

अ‍ॅल्युमिनियमनेही फारसं काही झालं नाही तर गॅमा, म्हणजे कण नाही, एक्स-रेसारखेच आरपार जाणारे किरण. हा एका ठराविक जाडीला पूर्ण थांबत नाही, फक्त कमी होत जातो. सीझियम-१३७ चा गॅमा साधारण ६.५ मिमी शिशात निम्मा होतो, तेवढंच अजून लावलं की पाव, असे १० थर झाले की जवळपास हजारावा भाग. कोबाल्ट-६० ला निम्मं व्हायलाच १२ मिमीच्या आसपास शिसं लागतं कारण त्याची एनर्जी जास्त. एकेक पत्रा वाढवत रीडिंग घ्या, ग्राफ काढा, निम्म्याची जाडी ग्राफवरच दिसते.

न्यूट्रॉन साध्या गायगरवर नीट कळत नाहीत, पण आडोसा माहीत असू द्या: पाणी किंवा पॅराफिन. हायड्रोजनचं केंद्र साधारण न्यूट्रॉनच्याच वजनाचं, त्यामुळे टक्करीत खूप एनर्जी काढून घेतं, शिशावरून मात्र न्यूट्रॉन जवळपास तेवढ्याच वेगाने उसळतो. मंदावलेले न्यूट्रॉन मग बोरॉन गिळतं.

आणि शिसं कमी असेल तर मागे सरका, छोट्या सोर्सपासून अंतर दुप्पट केलं की गॅमा पावपट होतो. काम झालं की सोर्स लगेच शिशाच्या डबीत, डबी कुलपात, रजिस्टरमध्ये नोंद, आणि हात साबणाने धुवा.