मंडळीच्या कामात मोबाईल कसा वापरायचा, आमच्या बेळगावकडच्या दोन भाषांच्या मंडळ्यांसाठी

जय ख्रिस्त. गेली सात-आठ वर्षं आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, माईक, व्हॉट्सॲप ग्रुप आणि लाइव्ह हे सगळं माझ्या गळ्यात आहे. कुणी नेमलं वगैरे नाही, एकदा पास्टरांच्या मोबाईलला चार्जर शोधून दिला आणि तेव्हापासून टेक्निकल टीम म्हणजे मी. निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडचे ओळखीचे लोक अधूनमधून फोन करतात, आम्हाला पण चालू करायचंय, कुठला कॅमेरा घेऊ सांग की. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

कॅमेरा घेऊ नका. आधी एक वही घ्या आणि रविवारी उपासनेला कोण येत नाही ते लिहा, आणि का येत नाही ते पण. आमच्या वहीत आलं ते असं: शहापूरची एक अज्जी, गुडघे गेलेत. दोन सिस्टर, हॉस्पिटलला ड्युटी असते. बेंगळूरला, पुण्याला आणि गोव्याला कामाला गेलेली पोरं. खानापूरच्या पुढं जांबोटीकडं राहणारं एक कुटुंब, पावसाळ्यात बस बेभरवशाची आणि मोबाईलला रेंज त्याहून बेभरवशाची. आता ह्या प्रत्येकापुढं दोन गोष्टी लिहा, फोन कुठला आहे आणि वाचता काय येतं. ही दुसरी गोष्ट पुण्या-मुंबईचे लोक विचारणार नाहीत, आपल्याकडं विचारावीच लागते. आमच्याच एका घरात आजोबा फक्त मराठी वाचतात, सून बैलहोंगलची, ती कन्नड वाचते, आणि नातू इंग्लिश मीडियमचा, मराठी बोलतो फडाफडा पण चार ओळी वाचायला दिल्या की घाम फुटतो. तुम्ही ग्रुपवर कितीही सुंदर मेसेज टाईप करा, त्या घरात एकच माणूस वाचणार.

म्हणून आमचं सगळं काम आवाजावर चालतं. रोज सकाळी बायबलमधलं एक वचन आणि त्यावर दोन-तीन मिनिटं बोलणं, व्हॉइस नोट. आधी मराठी, मग तीच कन्नडात, दोन वेगळ्या नोटा. एकाच नोटेत अर्धं मराठी अर्धं कन्नड करायचं नाही, आम्ही केलं होतं, दोन्हीकडचे लोक मधेच बंद करायचे. रेकॉर्ड करताना माईकचं बटण दाबून वर सरकवलं की लॉक होतं, मग अंगठा दुखत नाही आणि मान खाली घालून वचन वाचता येतं. पंखा बंद करा, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब धरा, आणि पहिल्या वाक्यात कोण बोलतंय आणि आज वार कुठला ते सांगा, कारण म्हातारी माणसं जुनी नोट परत लावतात आणि मग बुधवारची प्रार्थना शुक्रवारी आहे समजून येऊन बसतात. पाच मिनिटांची नोट एक एमबीच्या आतबाहेर असते, त्यामुळं रेंज कमी असली तरी जाते. जांबोटीकडच्या घरी व्हिडिओ कधीच पोचत नाही, नोट पोचते, रात्री का होईना.

आता ग्रुप. एकाच ग्रुपवर सगळं टाकू नका. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, आपली मंडळी काय तेवढी नाही, पण शंभर जण जरी "आमेन" म्हणाले तरी सूचना वर निघून जाते. आम्ही दोन केलेत. एक सूचनांचा, त्यात सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिननी मेसेज टाकायचा असं ठेवलंय. दुसरा मोकळा, तिथं वाढदिवस, गाणी, बातमी काय ते. ब्रॉडकास्ट लिस्ट पण चांगली आहे, २५६ जणांना एका वेळी जातं आणि प्रत्येकाला वाटतं मलाच पाठवलंय, पण समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असेल तरच पोचतं. नवीन माणूस आला की तिथंच उभं राहून त्याच्या फोनात मंडळीचा नंबर सेव्ह करून द्या.

मोकळ्या ग्रुपला पण नियम लागतात. आमचा पहिला नियम, १ नोव्हेंबर. कुणी कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाचे झेंडे टाकतो, कुणी सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाचे, आणि प्रभुभोजनाला एका ओळीत बसणारी माणसं रात्री बारापर्यंत भांडतात. आम्ही ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच तो ग्रुप ॲडमिन-ओन्ली करतो, दोन तारखेला उघडतो. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आमच्या युवक संघाच्या ग्रुपवर सुटणार नाही एवढं आता सगळ्यांना कळलंय. निवडणुकीच्या दिवसातही हेच करतो. दुसरा नियम फॉरवर्डचा, डबल बाणाचं चिन्ह असलेला मेसेज म्हणजे खूप फिरून आलेला, तो टाकणाऱ्यानं आधी ॲडमिनला विचारायचं. "अमुक देशात चर्च जाळलं, दहा जणांना पाठवा" असले फोटो बरेचदा पाच-पाच वर्षं जुने असतात, फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, आधी कुठं कुठं आलाय ते दिसतं.

प्रार्थना विनंतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं माझ्याच हातून चूक झाली. मंडळीतल्या एका बहिणीनं मला घरचा त्रास सांगितला, प्रार्थना करा म्हणाली. मी भोळेपणानं तिच्या नावासकट ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात तो मेसेज कोल्हापूरला तिच्या सासरच्यांच्या फोनवर. पुढं काय झालं ते लिहीत नाही, पण ती सहा महिने चर्चला आली नाही, आणि बरोबरच केलं तिनं. तेव्हापासून आमची पद्धत अशी, विनंती आली की पहिलं विचारायचं, नाव टाकू का, आजार टाकू का, फक्त पास्टरांना आणि महिला मंडळाच्या दोघींना सांगू का. ग्रुपवर फक्त "आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढंच. देवाला नाव माहीत आहे, ग्रुपला कळायची गरज नाही. लहान पोरांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि बाप्तिस्म्याचे फोटो-व्हिडिओ तर फेसबुकवर अजिबात नाही. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतराबद्दलचा कायदा आला, त्यानंतर साध्या फोटोखाली कोण काय लिहील आणि कुठं तक्रार करील सांगता येत नाही, आणि ज्याचा बाप्तिस्मा झालाय त्याला उद्या गल्लीत राहायचंय.

लाइव्ह करायचंच असेल तर ऐका. मोबाईलवरून यूट्यूब लाइव्ह करायला चॅनेलला कमीत कमी ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू करायची परवानगी मागितली की २४ तास लागू शकतात. मी हे वाचलंच नव्हतं. नाताळच्या सकाळी आठ वाजता चॅनेल उघडलं, गोव्यातली पोरं फोन हातात घेऊन बसलेली, आणि मी घामाघूम. तेव्हा निदान पंधरा दिवस आधी चालू करून एक चाचणी घ्या. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात, आवाज घुमला की दोन मिनिटांत बंद करतात. म्हणून पैसे घालायचे असतील तर कॉलर माईकवर घाला, किंवा मिक्सरमधून सरळ मोबाईलला वायर घ्या, साऊंडवाल्याला सांगितलं की तो बरोबर वायर देतो. मोबाईल आडवा, स्टँडवर, कॅमेरा खिडकीकडं तोंड करून नको. वायफाय असेल तर एअरप्लेन मोड लावून वायफाय चालू करा, नाहीतर उपदेशाच्या मध्येच कुणाचा तरी कॉल येतो आणि लाइव्ह अडकतं. वायफाय नसेल तर व्हिडिओची क्वालिटी ७२० वर ठेवा, तासाला एक ते दोन जीबी जातो. लाईट जाणार हे धरूनच चला, मिक्सर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, पॉवर बँक खिशात. आणि कॅमेरा फक्त पुलपिटकडं, म्हणजे उपदेश करतात त्या जागेकडं ठेवा, बसलेल्या लोकांकडं फिरवू नका, कुणाला आपण चर्चला आलोय हे जगाला दाखवायचं नसतं.

गाण्यांचा एक घोळ असतो. यूट्यूब मधेच कॉपीराइट क्लेम टाकतं, लोक घाबरतात. आपली जुनी भक्तिगीतं स्वतः म्हटली, स्वतः पेटी-तबला वाजवला तर बहुतेक वेळा त्रास नाही. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत. पण कुणी तरी नव्यानं चाल लावून रेकॉर्ड केलेली सीडी मागं वाजवली तर ते रेकॉर्डिंग त्यांचं असतं. कराओके ट्रॅकचंही तसंच.

पत्रकं आणि पोस्टर. आपल्या चर्चच्या जुन्या फाइली श्रीलिपी ह्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात, त्या कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकल्या की नुसता कचरा दिसतो. युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथंच चुकतं. घाई असेल तर पीडीएफ करून पाठवा. फोटोवर अक्षरं लिहायचे काही ॲप "ख्रिस्त" सुद्धा फोडून टाकतात, अर्धा ख वेगळा आणि रि वेगळा, तसलं पोस्टर छापायला देऊ नका. मुक्ता किंवा बलू असला देवनागरी फॉन्ट घेतला की नीट येतं.

कन्नड-मराठी भाषांतराला गुगल ट्रान्सलेट वापरतो, खोटं कशाला बोलू. पण कन्नडात चर्चला "सभे" म्हणतात आणि पाळकांना "सभापालक", त्याचं मशीननं मराठीत "सभा" केलं की आपल्याकडं कुणाची प्रचारसभा आहे असं वाटतं. म्हणून पाठवायच्या आधी दोन्ही भाषा येणाऱ्या एका माणसानं वाचायचं, आमच्याकडं ती बैलहोंगलची सूनच वाचते, आता तीच कन्नड नोट पण बोलते. एआयचंही तेच. चॅटबॉटला वचन विचारलं तर तो आत्मविश्वासानं अध्याय-ओवी सांगतो आणि छापील पवित्र शास्त्र उघडलं तर तिथं भलतंच काही असतं. उपदेशाचा सांगाडा करायला, मुलांसाठी प्रश्न काढायला घ्या, पण प्रत्येक ओवी पुस्तकात उघडून बघा.

पैशाचं थोडक्यात. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा पाहिजे, पास्टरांच्या किंवा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नको, माणूस कितीही चांगला असू दे. स्कॅन केल्यावर काय नाव येतं ते दर रविवारी एकानं बघायचं, वरून दुसरा स्टिकर चिकटवून गेलेले प्रकार होतात. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं लागतं, तेव्हा कुणी गोरा माणूस फेसबुकवर भेटून चर्च बांधायला पैसे पाठवतो म्हणाला तर लगेच अकाउंट नंबर देऊ नका, तो बहुतेक वेळा पैसे देणारा नसतोच, कस्टममध्ये पार्सल अडकलंय म्हणून तुमच्याकडूनच मागतो. पास्टरांचा फोटो डीपीला लावून "अर्जंट पाच हजार पाठव" असा मेसेज आला तर त्यांच्या जुन्या नंबरवर फोन करा. पैसे घ्यायला कधीच यूपीआय पिन लागत नाही हे महिला मंडळात प्रत्येक महिन्याला सांगतो. गेलेच पैसे तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उद्यावर टाकू नका.

घरी माझा स्वतःचा नियम एकच आहे, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला छापील पुस्तक. मोबाईलवर बायबल ॲप आहे, प्रवासात ऐकतो पण, डाउनलोड करून ठेवलं की नेट लागत नाही. पण घरी मोबाईल उघडला की स्तोत्र वाचता वाचता वर क्रिकेटचा स्कोअर येतो आणि मी माणूस आहे.

आता त्या वहीकडं परत. व्हॉइस नोट समोरच्यानं ऐकली की माईकचं चिन्ह निळं होतं. मी दुपारी चहाच्या वेळी यादी काढून बघतो, ग्रुपवर मेसेज दाबून इन्फोमध्ये गेलं की कुणी ऐकलं ते कळतं. एकटी राहणारी, आजारी अशी पाच-सहा नावं आहेत, त्यांच्यापैकी कुणी संध्याकाळपर्यंत ऐकलं नसेल तर फोन करायचा, फोन उचलला नाही तर गाडी काढायची. गेल्या पावसाळ्यात शहापूरच्या अज्जीचं दोन दिवस निळं झालं नाही, फोनही बंद. गेलो तर अज्जी दारातच बसलेली, म्हणाली, "बाळा, आवाज यीना झालाय की त्याचा." चार्जरची पिन सॉकेटमधून निम्मी निघालेली होती. पिन लावली, दोन दिवसांच्या नोटा तिथंच बसून तिच्याबरोबर ऐकल्या, प्रार्थना केली, आणि तिनं चहा केल्याशिवाय सोडलं नाही.