चिंचेचं कलम: रोपाची निवड आणि पहिली दोन वर्षं

बियांपासून वाढलेली गावरान चिंच फळायला आठ-दहा वर्षं घेते. ती गराची निघेल की नुसत्या शिरांची, हेही आधी कळत नाही. चांगल्या झाडाच्या काडीचं कलम मात्र चौथ्या-पाचव्या वर्षी चिंचा दाखवतं. मराठवाड्यासाठी आमची पहिली पसंती 'प्रतिष्ठान'. ही जात छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्राची आहे.

रोप घेताना उंचीला भुलू नका, जोड बघा, म्हणजे काडी खालच्या रोपाला जिथं जोडलेली असते ती जागा. सांधा भरलेला हवा, त्यात भेग नको आणि जोडाच्या वरची फूट पक्की हवी. पिशवी फोडून मूळ खाली जमिनीत गेलेलं रोप सोडून द्या. उचलताना सोटमूळ तुटतं.

10 बाय 10 मीटरवर, म्हणजे एकरी 40 झाडं बसतात. मे महिन्यात एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डे घेऊन तापू द्या. भरताना मातीत दोन घमेली शेणखत आणि 1 किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. मुरमाड रानात चिंच सुखात राहते. भारी काळ्या रानात मात्र बुडाशी पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून तिथं मातीचा उंचवटा करूनच लावा.

लागवड चांगला पाऊस झाल्यावर. जोड जमिनीच्या वर वीतभर राहू द्या आणि त्यावरची प्लास्टिकची पट्टी ब्लेडनं उभी चिरून काढा. ती राहिली तर खोड वाढताना काचतं आणि वाऱ्यात नेमकं तिथंच मोडतं.

खरा घात जोडाखालच्या फुटीनं होतो. खुंट, म्हणजे जोडाखालचं मुळांचं रोप, हाही चिंचेचाच, त्यामुळे पानांवरून फरक कळत नाही. खालची फूट जोमानं वाढते, वरची काडी उपाशी राहून वाळते आणि तुम्ही गावरान झाडालाच पाणी घालत बसता. म्हणून रोपाच्या आधाराच्या काठीवर जोडाच्या उंचीला रंगाची खूण करा. पहिली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी खुणेखालची कोवळी फूट बोटानं खुडा.

दोन उन्हाळे पाणी आणि बुडाला पाचटाचं आच्छादन हवंच. शेळ्यांसाठी बोरी-बाभळीचं कुंपण करा. मधल्या पट्ट्यात मूग, हरभरा खुशाल घ्या. फळं लागल्यावर चिंचा काठीनं झोडपू नका, फांद्या हलवून पाडा; झोडपण्यानं कोवळ्या डहाळ्या मोडतात आणि पुढचा बहर जातो.